जगबुडीनंतर दिवा कसा लावायचा

लोहाऱ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते. आमच्या शेजारच्याच घरात राहणाऱ्या आपा त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. वयानं त्या माझ्याहून थोड्या मोठ्या, म्हणून आपा. कॉलेजात आम्ही एकमेकींना मॅडम म्हणतो. घरी मी त्यांना आपा म्हणते, त्या मात्र घरीसुद्धा मला मॅडमच म्हणतात.

शनिवारी कॉलेज सकाळचं असतं. दुपारची जेवणं उरकली की आपा डब्यात काहीतरी घेऊन आमच्याकडं यायच्या आणि आम्ही दोघी टीव्हीसमोर बसायचो. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं तिच्या खात्यावरून एक मालिका लावून दिली होती. परदेशी होती, हिंदीत डब केलेली. कसल्याशा साथीत जवळजवळ सगळं जग मेलेलं, आणि दहा वर्षांनंतर उरलेली मूठभर माणसं मोडक्या शहरांतून हिंडताहेत, अशी गोष्ट. आपांना ती मनापासून आवडायची. मलाही आवडायची, पण माझं तोंड बंद राहत नसे.

पहिल्याच भागात नायकानं रस्त्यात पडलेल्या मोटारीतून पेट्रोल काढलं, आपल्या गाडीत ओतलं आणि धुरळा उडवत निघून गेला.

"चालायची नाही," मी म्हणाले.

"काय?"

"गाडी. दहा वर्षांचं पेट्रोल आहे ते. त्याचा डिंक होतो. आणि आताच्या पेट्रोलात तर इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं."

"अहो, चालू द्या की त्याला. मागं लांडगे लागलेत बिचाऱ्याच्या."

असं दर शनिवारी चालायचं. रस्ते इतके स्वच्छ कसे, असं मी विचारायची. आमच्याकडं एका पावसाळ्यात वेड्या बाभळी रस्त्याच्या कडा गिळतात. दहा वर्षांत लोहारा ते उमरगा रस्ता होता की नव्हता, हे सांगता येणार नाही. दहा वर्षं झाली तरी एकाचाही चष्मा फुटलेला नाही, कारण मुळात एकालाही चष्माच नाही. आपा हसायच्या. माझा नवरा आतून ओरडायचा, "आपा, तुम्ही दुसऱ्या घरी टीव्ही बघत जावा. हिच्यासंगं पिक्चर बघणं म्हणजे पेपर तपासणं हाय."

त्याचं बाजारात कृषी सेवा केंद्राचं दुकान आहे. दुपारी तासभर तो घरी येतो, त्यात झोप काढायची असते, आणि आमच्या वादानं ती मोडते, ही त्याची तक्रार.

मग एका शनिवारी वेगळंच घडलं.

त्या भागात टोळीतला एक म्हातारा साखरेच्या आजारानं पडलेला असतो. नायिका एका ओसाड दवाखान्यात शिरते, कपाटाच्या मागच्या बाजूला तिला इन्शुलिनची बाटली सापडते. ती धावत येते, म्हाताऱ्याला सुई देते आणि दुसऱ्या दिवशी म्हातारा उठून बसतो, मुलांना गोष्ट सांगतो. दहा वर्षांपूर्वीची बाटली, वीज नसलेल्या दवाखान्यातली. माझ्या ओठावर आलेलं वाक्य मी गिळून टाकलं. आपा स्वतः रोज इन्शुलिन घेतात. आमच्याकडं कधी जेवायला थांबल्या तर आधी आत जाऊन सुई घेऊन येतात.

आपांनी हातातला कप खाली ठेवला.

"मॅडम, आज गप का?"

"काही नाही. बघा ना पुढं."

"दर वेळी बोलता. आज माझ्यासाठी गप बसलात ना?"

मी कपबशा गोळा करायला लागले.

"नका बसू. प्रथिन आहे ते. उन्हाळ्यात महिना दीड महिना बाहेर राहिलं की कामातनं जातं. दहा वर्षांनी त्यात नुसतं पाणी. तो म्हातारा मेला असता. पहिल्याच महिन्यात मेला असता, दहा वर्षं जगलाच नसता." हे सगळं त्या वर्गात सांगावं तसं सांगत होत्या, पण पुढच्या वाक्याला त्यांची बोली बदलली. रागावल्या किंवा हळव्या झाल्या की त्या गावाकडच्या बोलीत जातात. "त्या जगात म्या न्हाय, मॅडम. ते मला ठावं हाय. खोटं औषध देऊन मला जित्ती ठेवायची कुणाला गरज न्हाय."

टीव्हीवर म्हातारा हसत होता. आपांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. दारात चपला घालताना त्या म्हणाल्या, "इथून पुढं जे खोटं असंल ते खोटं म्हणायचं. मला वाईट वाटंल म्हणून थांबायचं न्हाय."

मी हो म्हणाले. आणि पुढच्याच शनिवारी तो शब्द पाळायची पाळी आली.

त्या भागात नायिका एका बंद पडलेल्या ट्रकमधून अल्टरनेटर काढते. इंजिन चालू असताना गाडीची बॅटरी चार्ज करणारं हे यंत्र. ती ते ओढ्यावरच्या लाकडी चाकाला बांधते, दोन वायरी जोडते, आणि अंधारलेल्या वस्तीत एक दिवा लागतो. सगळी माणसं घराबाहेर येतात. एक लहान मुलगी, जिनं जन्मात विजेचा दिवा पाहिलेला नाही, ती डोळ्यांवर हात धरते.

आपांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पदर न लावता त्या नुसत्या बघत होत्या. भाग संपला, नावं वर सरकायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"हे तरी खरं हाय का?"

मला नाही म्हणायचं नव्हतं. पण शब्द दिला होता.

"नाही, आपा. सायकलच्या डायनामोत लोहचुंबक असतं, तसं अल्टरनेटरमध्ये नसतं. त्याच्या आत गुंडाळी असते. तिला आधी बाहेरून थोडी वीज द्यावी लागते, तेव्हा तिचं चुंबक होतं आणि मग तो स्वतः वीज करायला लागतो. गाडीत ती पहिली वीज बॅटरी देते. दहा वर्षांनी बॅटरी मेलेली असणार. आणि ओढ्यावरचं चाक किती हळू फिरतं बघितलंत ना? तो जागाच होणार नाही."

आपा म्हणाल्या, "न्हाय लागणार म्हणणं सोपं हाय, मॅडम. कसं लागंल ते सांगा."

"त्यांच्याजवळ जे होतं त्यात?"

"हौ. त्यांच्याजवळ जे होतं त्यात."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं शेजारी राहून मी ती ऐकली नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव पडलं, हे मला माहीत होतं. या भागात कुणालाही विचारा, त्या पहाटेची एक आठवण निघते. माझं माहेर तामलवाडीचं. आमच्याकडं फळीवरची भांडी वाजली आणि आम्ही अंगणात पळालो, एवढाच आमचा भूकंप. आपा तेव्हा शाळकरी पोर होत्या. घर दगडमातीचं. त्या दाराजवळ झोपल्या होत्या म्हणून अब्बांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. अम्मी आत राहिल्या.

"काळोख असा, की सोताचा हात दिसंना. वरून धूळ. लोक वरडत होते, पण कोण कुठनं वरडतंय कळंना. अब्बा नुसत्या हातांनी दगड उपसत होते, कुठला उचलायचा ते न कळता. मग एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं तो गल्लीच्या तोंडाला उभा केला आणि दिवा ढिगाऱ्यावर धरला. त्या उजेडात अम्मीची बोटं दिसली. बांगडी दिसली. अम्मी निघाली, मॅडम. पुढं लई वर्षं जगली." त्या थांबल्या. "त्याचं घर पलीकडच्या गल्लीत पडलं होतं. त्याची मानसं बी आतच होती. पण पहिल्यांदा आमची गल्ली लागली, म्हणून तिथं थांबला."

मी टीव्ही बंद केला.

"ह्या मालिकेत दुसऱ्या दिवशीच शेजारी शेजाऱ्याच्या गळ्यावर सुरी ठेवतो," आपा म्हणाल्या. "तुम्ही पेट्रोल तपासता. मी माणसं तपासते. मला ती बी खोटीच वाटतात. पण दिवा... दिवा मला खरा पायजे."

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी भंगारवाल्याकडं गेले. वडापच्या, म्हणजे गावोगाव प्रवासी नेणाऱ्या, एका जुन्या जीपचा अल्टरनेटर त्याच्याकडं पडला होता. तो चांगला आहे की मेलेला, हे आधी बघणं भाग होतं, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप फुकट. गॅरेजवाल्यानं तो एका चालत्या जीपला लावून बघितला, वीज करत होता. मग वेल्डिंगवाल्याकडून एक लोखंडी चौकट करून घेतली. तिच्यात सायकल उभी केली, मागच्या चाकाचा टायर काढला आणि उघड्या रिमवरून पट्टा टाकून अल्टरनेटरच्या पुलीला जोडला. ओढ्याचं चाक आमच्याकडं कुठलं! आणि असतं तरी वर्षातले आठ महिने ओढा कोरडा. पाय मात्र जगबुडीनंतरही राहतील.

आम्ही नियम ठरवले. चालू बॅटरी वापरायची नाही. मेनची वीज वापरायची नाही. दहा वर्षं पडून राहिल्यावरही जे टिकेल तेवढंच घ्यायचं.

"मग सोलरचं पॅनल टिकतं की," नवरा म्हणाला. त्याचं खरं होतं. शेताशेतांत सोलर पंप उभे आहेत, त्यांची पॅनलं दहा वर्षांनीही वीज देतील. मालिकेत मात्र त्यातलं एकही दिसत नव्हतं. कदाचित ते दिसलं असतं तर गोष्टच संपली असती. पण आपांचं म्हणणं, नायिकेजवळ नव्हतं ना, मग आपल्यालाही नको.

पहिल्या दिवशी नवऱ्याला सायकलवर बसवलं. त्यानं लुंगी खोचली आणि असं पायडल मारलं की शेजारची पोरं कुंपणाला येऊन लटकली. दिवा लागला नाही. वीज मोजायला लावलेल्या मीटरचा काटा जेमतेम हलला. मी सांगितलं होतं तेच झालं होतं, पण त्याचा आनंद काही झाला नाही. घामाघूम झालेला नवरा खाली उतरला आणि म्हणाला, "तुझं बरोबर आलं. आता मला चहा टाक."

"चहा टाकते. पण उद्या परत बसायचं."

"उद्या? तू जिंकलीस की!"

"मी नाही म्हणाले होते, ते सिद्ध झालं. आपांनी हो कसं म्हणायचं ते विचारलंय."

गुंडाळीला जागं करायला फार वीज लागत नाही, पण अगदीच कमीही चालत नाही. पुस्तकातला सोपा उपाय म्हणजे आंबट पाण्यात दोन धातूंच्या पट्ट्या. चिंचेच्या कोळात तांबं आणि जस्त बुडवून मी रांग लावली. काटा थरथरला, अल्टरनेटर ढिम्म. चिंच वाढवली, पट्ट्या रुंद केल्या, पुन्हा तेच. घरभर चिंचेचा वास आणि बोटांना चिरा. एकदा पट्टा घसरला तो नवऱ्याच्या पोटरीला लागला, आणि दोन दिवस तो दुकानातून जेवायलाही घरी आला नाही. डबा मागवून घेतला.

आपा रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन बघायच्या. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी त्या सरळ आत आल्या आणि माझ्या हातातलं भांडं त्यांनी काढून घेतलं.

"मॅडम, हे तुमचं काम न्हाय. हे माझं काम."

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि अकरावीच्या मुलींना सांगतात तसं सांगितलं. चिंचेच्या पाण्यात तांब्यावर बुडबुडे चिकटतात आणि वीज अडते. बुडबुडे नको असतील तर तांबं मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात पाहिजे आणि जस्त मिठाच्या पाण्यात. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळता कामा नये, पण एकमेकांना शिवलं मात्र पाहिजे. म्हणजे मध्ये अशी भिंत हवी की जिच्यातून ओल जाते, पाणी जात नाही.

"बोळकं!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

संक्रांतीला मांडतो ती मातीची बोळकी. न रंगवलेली, कच्च्या पोताची. मोरचूद तर नवऱ्याच्याच दुकानात. द्राक्षबागायतदार फवारणीला पोत्यानं नेतात. खडे आहेत, कोरडे ठेवले तर दहा काय, वीस वर्षं टिकतील. जस्त मेलेल्या टॉर्चच्या सेलचं कापून काढलं. राहिली तांब्याची भांडी; त्यांत मोरचुदाचं पाणी भरायचं आणि मधोमध मिठाचं पाणी नि जस्त घातलेलं बोळकं ठेवायचं. मोठे तांबे हवे होते, माझ्याकडं दोनच. मग मी गल्लीत हिंडून मागितले.

"सत्यनारायण हाय का?" एका घरातल्या बाईनं विचारलं.

"नाही. दिवा लावायचाय."

"तांब्यात?"

"हो, तांब्यात. पण परत दिल्यावर आधी चिंचमिठानं नीट घासून घ्या. मोरचूद विषारी असतं."

तिनं तांब्या दिला, पण दिवसभर संशयानं आमच्या अंगणाकडं बघत राहिली. पुढं तोच तांब्या मी घासून परत केला तेव्हा नव्यासारखा लखलखत होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं आणखी दोन आणून दिले.

कुंभाराकडून आणलेली पहिली बोळकी गळाली. निळं पाणी आत शिरलं आणि जस्तावर काळी साय धरली. आपांनी ती सगळी फेकून दिली. त्या स्वतः कुंभाराकडं गेल्या, प्रत्येक बोळक्यात पाणी भरून, उन्हात ठेवून, बाहेरून नुसती ओल धरणारी तेवढीच निवडून आणली. कॉलेजात तास, घरी स्वयंपाक, मध्ये दोनदा सुई, आणि उरलेल्या वेळेत हे. एकदा त्यांना घाम फुटून चक्कर आली. साखर घसरली होती. मी गूळ आणून दिला आणि म्हणाले, "आपा, आता पुरे करू या. चार दिवस थांबू."

त्यांनी गूळ चघळत मान हलवली. "थांबू. पंधरा मिनिटं. मग ते तिसरं बोळकं बघा, त्याच्या कडेला चीर हाय."

सहा तांबे रांगेत जोडले त्या दिवशी रविवार होता. ऊन उतरलं होतं. जीपच्या समोरच्या फळीवर जो छोटा लाल दिवा असतो, त्याची बारीक वायर अल्टरनेटरला जिथं येते, तिथं आम्ही आमच्या तांब्यांची वायर लावली. पहिली वीज आत शिरते ती तिथूनच. एका बाजूला गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब टांगला. नवरा रुसवा सोडून सायकलवर बसला होता. त्यानं पायडल मारायला सुरुवात केली, वेग वाढवला. बल्बची तार मळकट लाल झाली.

"लागला!" कुंपणावरून कुणीतरी ओरडलं.

आणि तेवढ्यात विझला. पुन्हा मारलं, पुन्हा तेच: लाल, आणि लगेच काळी. नवरा हाशहुश करत थांबला. मी मीटरकडं बघत बसले. वीज वाढत होती, पण वाढायच्या आतच बल्ब ती खाऊन टाकत होता.

आपा म्हणाल्या, "चूल पेटवताना आपण पहिल्यांदा ओंडका घालतो का?"

मी वर बघितलं. मग उठून बल्बची वायर सोडवली.

"अहो, मारा आता. मी सांगेपर्यंत थांबू नका."

"बल्बच न्हाय तर मारू कशाला?"

"मारा तुम्ही!"

त्यानं मारलं. चाक घरघरत होतं, पट्टा फटफटत होता. काही क्षण तसेच गेले. मग एकदम त्याचे पाय आखडल्यासारखे झाले आणि तो ओरडला, "अगं, जड झालं! कुणीतरी धरल्यासारखं झालं!"

मी तीस वर्षांहून जास्त काळ हे शास्त्र शिकत आणि शिकवत आले आहे. फुकट वीज मिळत नाही, ती पायांतूनच वसूल होते, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण त्याच्या तोंडून ते 'जड झालं' ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अल्टरनेटर जागा झाला होता. मी तांब्यांची वायर काढून टाकली, तरी काटा खाली आला नाही. आता त्याला कुणाची गरज नव्हती. मग मी बल्बची वायर टेकवली.

बल्ब लागला. तांबूस नाही, चांगला पिवळा, डोळ्यांत खुपेल असा. अजून दिवस होता तरी आमच्या अंगणाच्या भिंतीवर आपांची सावली पडली.

मला वाटलं होतं, त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्या पुढं झाल्या, साडीचा पदर खोचला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "उतरा, भाईजान. मला बसू द्या."

"आपा, तुम्हाला झेपायचं न्हाय, परवाच चक्कर..."

"उतरा म्हणते ना."

तो उतरेपर्यंत दिवा विझला. तांबे पुन्हा जोडावे लागले, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आपांनी सुरुवातीला हळू, मग जोरात पायडल मारलं. जड झालं तेव्हा त्यांच्या तोंडून "या अल्ला" निघालं, पण पाय थांबले नाहीत. मी बल्ब जोडला. त्यांनी तो दम असेपर्यंत पेटता ठेवला. मग उतरल्या, बाकावर बसल्या, घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "हे खरं हाय." एवढंच. थोड्या वेळानं ग्लुकोमीटरवर आपल्या रक्तातली साखर बघितली आणि घरी गेल्या.

त्या मालिकेचे उरलेले भाग आम्ही बघितले. शेवट काही फार चांगला नव्हता. वाद मात्र सुधारले. आता आपाही बोलायच्या, आणि मी नुसतं 'चालणार नाही' म्हणून थांबले की लगेच विचारायच्या, "मग कसं चालंल?" त्यामुळं मला पुष्कळदा गप्पच बसावं लागायचं. इन्शुलिनवर मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आपांनी त्यासाठी शोधाशोध केली, वाचलं, आणि एके दिवशी स्पष्ट सांगितलं की ते घरी होण्यासारखं नाही. ते राखायचं असेल तर कारखाने, रस्ते, फ्रिज आणि शिकलेली माणसं राखावी लागतील. "म्हणजे जग बुडू द्यायचं न्हाय," त्या म्हणाल्या, आणि बारावीच्या वह्या तपासायला बसल्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ती सायकल टेम्पोत घालून आपांच्या गावी नेली. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं, आता जुनी झालेली. तिथल्या शाळेत आपांनी मुलांना सगळं करून दाखवलं. मोरचुदाचं निळं पाणी, बोळकी, पट्टा. मुलांनी पायडल मारायला रांग लावली. कुणाच्या पायानं दिवा जास्त वेळ लागतो, यावर पैज सुरू झाली. ट्रॅक्टरची गोष्ट त्यांनी सांगितली, पण मुलं बल्बकडं बघत होती, त्यांनी ती अर्धीच ऐकली असावी. आपांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मागं ओसरीच्या खांबाला टेकून गावातले एक आजोबा उभे होते. सगळं संपल्यावर ते पुढं आले, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि पुलीला हात लावून बघितला.

"बाई," त्यांनी आपांना विचारलं, "ह्याच्यावर पिठाची गिरणी चालंल का?"

"न्हाय, काका. न्हाय चालायची."

"दोन सायकली लावल्या तर?"

"दोन न्हाय, वीस लावल्या तरी अवघड हाय."

"मग काय कामाची?" आजोबा म्हणाले, आणि वळायला लागले.

आपांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर ठेवली. "बसा, काका," त्या म्हणाल्या. "का चालत न्हाय ते पहिल्यांदा सांगते. मग काय चालंल ते आपण दोघं मिळून बघू."

आजोबा बसले. मी फळा पुसून खडू आपांच्या हातात दिला.